मिनी कॉर्न डॉग मफिन: सॉसेजभोवतीचं पीठ कच्चं-चिकट का राहतं आणि काय करायचं

मक्याच्या पिठात सॉसेजचा तुकडा खोचून भाजलेले हे छोटे मफिन. वरून छान सोनेरी रंग आलेला असतो, टूथपिक कोरडी निघते, मफिन साच्यातून अलगद सुटतो. पण चावला की सॉसेजला लागून दोन-तीन मिलिमीटर जाडीचं ओलसर, चिकट कडं लागतं. पुढच्या वेळी ओव्हन २० अंशांनी वाढवला किंवा पाच मिनिटं जास्त ठेवलं, तर कडा कोरड्या होऊन करपतात आणि आतलं कडं आहे तसंच राहतं. घरी हे मफिन करणाऱ्यांची सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार हीच आहे. ओव्हनला दोष देण्याआधी पाण्याचा हिशोब करा, कारण बहुतेक वेळा घोळ तिथंच असतो.

मूळ कॉर्न डॉगमध्ये सॉसेज काडीवर लावून, मक्याच्या पिठात बुडवून तेलात तळतात. तिथं पिठाचा थर पातळ असतो आणि कडकडीत तेल एकदम चारी बाजूंनी लागतं. मफिनमध्ये तसं होत नाही. सॉसेज पिठाच्या पोटात बसलेलं असतं, उष्णता साच्याच्या भिंतीतून आणि वरच्या हवेतून हळूहळू आत जाते, आणि सगळ्यात शेवटी पोहोचते ती सॉसेजला चिकटलेल्या पिठापर्यंत. नेमकं त्याच वेळी सॉसेज तापून स्वतःतलं पाणी आणि चरबी बाहेर टाकायला लागतं. म्हणजे जिथं उष्णता सगळ्यात कमी, तिथंच पाणी सगळ्यात जास्त. तिथलं पीठ शिजायचं तर येणारं पाणी आधीच कमी करायला हवं.

एक मफिन उभा कापून बघा

ओव्हनमधून काढल्यावर पाच मिनिटांनी एक मफिन धारदार सुरीनं वरून खाली, सॉसेजसकट कापा. गरम असताना लगेच कापला तर सगळंच ओलं दिसतं आणि निदान चुकतं. कापल्यावर यापैकी एक चित्र दिसेल.

सॉसेजच्या सगळ्या बाजूंनी सारखंच चिकट कडं आणि बाहेरचं पीठ छान फुललेलं, जाळीदार: सॉसेज ओलं किंवा गार होतं. पीठ आणि ओव्हन दोन्ही ठीक आहेत, त्यांना हात लावू नका.

फक्त सॉसेजच्या खालचं पीठ कच्चं: सॉसेज तळाला बसलंय. पीठ पातळ झालंय, तुकडा जास्त दाबलाय, किंवा साच्याला खालून उष्णता कमी मिळतेय.

पूर्ण मफिनच रबरी किंवा गिच्च: पिठातच गडबड आहे. चुकीचं पीठ वापरलंय, मक्याचं पीठ भिजलेलं नाही, किंवा जास्त फेटलंय.

मध्ये खळगा पडलाय आणि सॉसेज वर डोकावतंय: सोडा-पावडर जास्त झाली, साचा काठोकाठ भरला, किंवा पहिल्या सात-आठ मिनिटांत ओव्हनचं दार उघडलं.

दोन चित्रं एकत्र दिसली तर आधी सॉसेजचा उपाय करा, मग पिठाचा. दोन्ही एकदम बदललं तर कशानं सुधारलं ते कळत नाही.

हाताशी ठेवायचं प्रमाण

पुढचे सगळे आकडे २४ मिनी मफिनसाठी आहेत. साचा काठोकाठ पाणी भरल्यावर साधारण ३० मिली मावेल एवढा धरलाय. शक्यतो वजनकाटा वापरा, कारण मक्याचं पीठ कपात दाबून भरलं की हलकं भरलं यावर बराच फरक पडतो.

मक्याचं पीठ ८० ग्रॅम, मैदा ८० ग्रॅम, साखर ३५ ग्रॅम, घट्ट दही १०० ग्रॅम, पाणी ५० मिली, एक अंडं (कवच काढून ५० ग्रॅम), बिनमिठाचं वितळलेलं लोणी ५० ग्रॅम, बेकिंग पावडर १ चहाचा चमचा, खाण्याचा सोडा १/८ चमचा, मीठ पाव चमच्याहून थोडं जास्त, आणि चिकन सॉसेजचे दीड सेंटिमीटरचे २४ तुकडे. चमचा म्हणजे ५ मिलीचा मापाचा चमचा. घरातल्या पोह्याच्या चमच्यावर सोडा मोजू नका.

आता यातलं पाणी मोजा. दह्यातून साधारण ८५ ग्रॅम, वरचं ५०, अंड्यातून ३७, लोण्यातून ८. एकूण १८० ग्रॅम पाणी आणि कोरडं पीठ १६० ग्रॅम. मक्याचं पीठ नीट भिजलं तर हे प्रमाण बरोबर आहे, पण त्यात वाढीव पाण्याला जागा नाही. सॉसेजमधून दोन-तीन चमचे पाणी उतरलं, वर कांदा-मिरची घातली, की हिशोब बिघडतो.

सॉसेज: निम्म्याहून जास्त तक्रारी इथंच मिटतात

फ्रीझरमधून काढलेलं सॉसेज थेट कापून साच्यात टाकणं ही सगळ्यात मोठी चूक. मफिन ओव्हनमध्ये फक्त १२-१३ मिनिटं असतो. त्यातली पहिली काही मिनिटं बर्फ वितळण्यातच जातात आणि तोवर सॉसेजलगतचं पीठ थंडच राहतं. मक्यातलं स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान फुगून शिजतं. तिथवर पीठ उशिरा पोहोचलं की बाहेरचा मफिन तयार आणि आतलं कडं अर्धवट.

पाकीट आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात ठेवा. घाई असेल तर पाकीट न फोडता गार पाण्यात बुडवा; ओट्यावर तासन्‌तास उघडं ठेवू नका. सुटलेलं पाणी ओतून द्या, सॉसेज स्वच्छ फडक्यानं टिपून घ्या आणि मगच कापा. काही सॉसेजवर न खाण्याचं पातळ आवरण असतं, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. ते सोलून काढा.

मग तवा मध्यम आचेवर तापवा, तेल घालू नका, आणि तुकडे कापलेल्या बाजूवर उभे ठेवा. सुरुवातीला चर्रर आवाज येत राहील, तव्यावर बारीक बुडबुडे आणि पांढरट पाणी दिसेल. ते पाणी आटून आवाज खाली येतो, कापलेल्या बाजूवर तपकिरी ठिपके दिसायला लागतात. तिथं उलटवा. दोन्ही बाजू मिळून चार-पाच मिनिटं पुरतात. भाजण्याआधी आणि नंतर तुकड्यांचं वजन करून बघा. जेवढे ग्रॅम कमी झाले, तेवढं पाणी आणि चरबी तुमच्या पिठात जाणार होती. कमी किमतीच्या सॉसेजमध्ये पाणी आणि स्टार्च जास्त असतं, त्यात हा फरक डोळ्यांना दिसण्याइतका असतो.

भाजलेले तुकडे कागदावर पसरून कोमट होऊ द्या. कढत तुकडा पिठात गेला की भोवतालचं लोणी वितळून वेगळं होतं आणि सोडा तिथंच वेळेआधी काम करून मोकळा होतो. कोमट झाल्यावर एक चमचा मैद्यात घोळवून चाळणीत झटकून घ्या. सॉसेजचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यावर पीठ धरत नाही. म्हणूनच कापल्यावर सॉसेज टुणकन बाहेर पडतं. मैद्याचा पातळ थर उरलेली ओल शोषतो आणि पिठाला धरायला जागा देतो. थर जाड राहिला तर मात्र तोच चिकट लागतो, म्हणून झटकणं चुकवू नका.

पाकिटावर सॉसेज आधी शिजवलेलं आहे की कच्चं, हे वाचा. कच्चं असेल तर तव्यावर झाकण ठेवून आतून पूर्ण शिजवून घ्या, मध्यभागी ७४ अंश. मफिनच्या बारा मिनिटांवर विसंबू नका.

मक्याचं पीठ आणि कॉर्नफ्लोअर

सूप घट्ट करायला वापरतात ते पांढरंशुभ्र, बोटांत कचकच वाजणारं कॉर्नफ्लोअर म्हणजे नुसतं स्टार्च. ते वापरलं तर मफिन रबरी आणि चिकटच होणार, दुसरं काही सुधारून उपयोग नाही. आपल्याला हवं ते पिवळ्या मक्याचं, अख्खा दाणा दळलेलं, हाताला किंचित रवाळ लागणारं पीठ. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानांत पिवळा मका घेऊन गिरणीवर दळून आणला तर सगळ्यात चांगलं. गिरणीवाल्याला भाकरीपेक्षा किंचित जाड दळायला सांगा. आधी ज्वारी दळलेली असेल तर सुरुवातीची मूठभर बाजूला काढायला सांगा. अख्ख्या दाण्याच्या पिठात कोंबाचं तेल असतं, त्यामुळं ते लवकर खवट होतं. एका वेळी अर्धा किलोच दळून आणा आणि फ्रीजमध्ये ठेवा. मफिनला मागून कडवट चव येत असेल तर सोड्याच्या आधी पिठाचा वास घेऊन बघा.

मक्याच्या भाकरीला गरम पाणी का लागतं आणि थापताना ती कडेनं का चिरते, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. मक्याला गव्हासारखा ताण नसतो आणि तो पाणी सावकाश पितो. मफिनमध्येही तेच. कोरडं मक्याचं पीठ शेवटच्या क्षणी मिसळलं तर ओव्हनमध्ये जाईपर्यंत त्यानं पाणी घेतलेलंच नसतं. ते मोकळं पाणी खाली आणि सॉसेजकडं उतरतं. मग एकाच मफिनमध्ये दाताखाली कचकच आणि मध्ये चिकटपणा, दोन्ही मिळतात.

म्हणून मक्याचं पीठ आधी दही आणि पाण्यात कालवून झाकून ठेवा. बारीक पिठाला २० मिनिटं, रवाळ भरडीला ४० मिनिटं. भिजल्यावर ते दिसायलाच घट्ट होतं. तसं झालं नाही तर आणखी थांबा, मैदा वाढवू नका.

ताक, दही आणि सोडा

बाहेरच्या पाककृतींमध्ये लिहिलेलं ताक दाट, विकतचं असतं. आपल्या घरचं लोणी काढलेलं ताक फार पातळ. १५० मिली पातळ ताक आणि १०० ग्रॅम दही अधिक ५० मिली पाणी यांच्यातल्या पाण्याच्या वजनात फारसा फरक नाही, पण घट्टपणात खूप आहे. पातळ ताकातल्या पिठात सॉसेज सरळ तळाशी जातं. म्हणून ताक नको, दहीच मोजून घ्या. कोल्हापुरात म्हशीचं दूध मुबलक. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं असो की पिशवीतलं, नीट उकळून लावलेलं दही घट्टच लागतं. दह्यावर पिवळसर पाणी सुटलं असेल तर ते काढून टाका आणि मग १०० ग्रॅम मोजा.

दही किती आंबट आहे यावर सोडा ठरतो. ताज्या, गोडसर दह्याला १/८ चमचा पुरे. दोन दिवसांच्या आंबट दह्याला तो पाव चमच्यापर्यंत नेता येतो. गोड दह्यात पाव चमचा घातला तर साबणासारखी चव येते, मफिन गडद तपकिरी होतो आणि आधी फुगून नंतर खचतो. बऱ्याच जणांना वाटतं की मफिन गिच्च झाला म्हणजे सोडा कमी पडला. तो वाढवला की मफिन जास्तच खचतो आणि जास्तच गिच्च लागतो.

जून ते सप्टेंबर आपल्याकडं हवेत एवढी ओल असते की उघडलेला बेकिंग पावडरचा डबा लवकर निकामी होतो. एक चमचा पावडर अर्धा कप गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली तर चांगली, नुसते चार बुडबुडे आले तर फेकून द्या. सोडा तपासायला लिंबाचे चार थेंब. पावसाळ्यात मैदाही ओल धरतो, म्हणून ५० मिलीतलं एक मोठा चमचा पाणी मागं ठेवा आणि पिठाची घडण बघून घाला.

मिसळणं आणि साचा भरणं

भिजलेल्या मक्यात साखर, फेटलेलं अंडं आणि कोमट वितळलेलं लोणी घालून एकजीव करा. मैदा, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ एकत्र दोनदा चाळा, त्यात ओता, आणि चपट्या चमच्यानं खालून वर बारा-पंधरा वेळा फिरवून थांबा. मैद्याच्या एखाद-दुसऱ्या गुठळ्या राहिल्या तर राहू देत. गुळगुळीत होईपर्यंत फेटलं तर मैद्याला चिवटपणा येतो, मफिनला टोकं येतात आणि आत लांबट बोगदे पडतात. पीठ इडलीच्या पिठापेक्षा थोडं घट्ट हवं. चमच्यातून जाड पट्टीसारखं पडावं आणि ती पट्टी दोन-तीन सेकंद दिसून मग मिसळावी. लगेच मिसळली तर पीठ पातळ आहे, दोन चमचे मैदा घाला आणि पाच मिनिटं थांबा.

साचा गार असतो तोवर तळ आणि कडा शिजायला सुरुवात होत नाही. साच्याला ब्रशनं तूप लावून तो रिकामाच तापलेल्या ओव्हनमध्ये चार मिनिटं ठेवा. बाहेर काढून प्रत्येक साच्यात जरा वर भरलेला एक मोठा चमचा पीठ सोडा. पडताक्षणी कडेला हलकंसं चर्र वाजलं पाहिजे. सगळे साचे भरून होईपर्यंत कडेचं पीठ बांधायला लागतं. मग पहिल्या साच्यापासून सॉसेज उभं ठेवा आणि फक्त निम्म्यापर्यंत दाबा. तळाशी निदान अर्धा सेंटिमीटर पीठ राहायला हवं. फुगताना पीठ वर येऊन सॉसेजला धरतं. तुकडा पूर्ण बुडवायची गरज नाही. एवढ्यात साचा तीन चतुर्थांश भरलेला असेल.

हे काम झटपट व्हायला हवं, म्हणून सॉसेजचं ताट आणि पीठ आधीच ओव्हनशेजारी ठेवा. हात भाजू नये म्हणून काही जण साचा ओल्या फडक्यावर ठेवतात; तसं करू नका, लाकडी पाटावर ठेवा. ओल्या फडक्यानं साच्याचा तळ गार होतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

सिलिकॉनचे साचे आणि कागदी वाट्या या कामाला फारशा उपयोगाच्या नाहीत. सिलिकॉन उष्णता उशिरा सोडतं, तळ फिकट राहतो. कागद वाफ धरून ठेवतो आणि खालचा थर कागदालाच चिकटून येतो. सिलिकॉनच असेल तर ते तापलेल्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या ट्रेवर ठेवा आणि दोन-तीन मिनिटं जास्त द्या.

ओव्हन

२०० अंशांवर, वरचे-खालचे दोन्ही रॉड चालू ठेवून निदान १५ मिनिटं तापवा. साचा मधल्या कप्प्यात. पहिली पाच मिनिटं २००, मग १८० करून सात-आठ मिनिटं. सुरुवातीच्या जास्त उष्णतेनं कडा बांधतात, नंतरच्या कमी उष्णतेत आतलं पीठ कडा न करपता शिजतं. आठव्या मिनिटानंतर एकदा साचा फिरवून ठेवा, कारण लहान ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) मागची बाजू बहुधा जास्त तापते.

ओटीजीचा दिवा विझला म्हणजे आतलं तापमान बरोबर झालं असं नाही. आत ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या. आकड्यात वीस-पंचवीस अंशांचा फरक निघणं नवीन नाही. व्होल्टेजचाही परिणाम होतो. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर १५०० वॅट देणारा रॉड २०० व्होल्टवर साधारण ११३० वॅटच देतो, म्हणजे पाव हिस्सा गेला. संध्याकाळी ट्यूबलाइट फडफडत असेल तर तापवायला २०-२५ मिनिटं द्या आणि घाणा शक्यतो दुपारी काढा.

२४ साच्यांचा मोठा ट्रे लहान ओटीजीत कसाबसा बसतो, पण भिंतींना टेकतो. हवा फिरायला जागा उरत नाही, वरचा भाग करपतो आणि तळ पांढरा राहतो. चारी बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर मोकळं हवं. १२ साच्यांचे दोन घाणे काढा. दुसऱ्या घाण्याचं पीठ १५-२० मिनिटांहून जास्त थांबवू नका, त्यात सॉसेजही आधी घालून ठेवू नका.

टूथपिक सॉसेजमध्ये घुसली तर नेहमी कोरडी किंवा तेलकट निघते, म्हणून ती फसवते. कडेपासून तिरकी, सॉसेजला घासून खाली जाईल अशी खुपसा. टोचायचा थर्मामीटर असेल तर सॉसेजलगतचं पीठ ९४-९५ अंशांवर पोहोचलं की मफिन झाला. उंच ठिकाणांसाठी सोडा कमी, पाणी जास्त असे बदल सांगितलेले दिसतात, ते कोल्हापूरला लागू नाहीत. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहोत, तेवढ्यानं प्रमाण बदलायचं कारण नाही.

ओव्हन नसेल तर कुकरमध्ये मीठ घालून करण्यापेक्षा अप्पेपात्र बरं. कुकरमध्ये वाफ कोंडते आणि आपली तक्रारच वाफेची आहे. अप्पेपात्रासाठी पाणी २० मिलीनं कमी करा, सॉसेज एक सेंटिमीटरचं कापा, बिडाचं पात्र नीट तापवून तूप सोडा. झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, मग उलटवून झाकण न ठेवता तीन-चार मिनिटं. मफिनचा आकार येत नाही, पण कड कुरकुरीत होते आणि आत कच्चं राहत नाही.

बाहेर काढल्यावर

मफिन साच्यात तीन-चार मिनिटंच ठेवा, मग जाळीवर काढा. त्यापुढं साच्यातच राहिले तर आतली वाफ भिंतीला लागून पाणी होते आणि नीट भाजलेला मफिनही खालून ओला होतो. ताटात काढून वर झाकण ठेवलं तरी तेच. पावसाळ्यात जाळी पंख्याखाली ठेवा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका.

कांदा-लसूण चटणी, चीज, भाज्या

कोल्हापुरी कांदा-लसूण चटणी या पिठात छान लागते, पण तिच्यात मीठ आणि तेल असतं. २४ मफिनला एक ते दीड चमचा घाला, मीठ निम्मं करा, आणि चटणी दह्यात कालवून घाला. वरून भुरभुरवली तर २०० अंशांवर लसूण करपून कडू होतो. चिरलेला कच्चा कांदा, ओली मिरची, मक्याचे दाणे हे सगळे पाणी सोडतात. घालायचेच असतील तर मिळून ४० ग्रॅमच्या आत ठेवा आणि तव्यावर कोरडे परतून घ्या. चीज किसून ३० ग्रॅमपर्यंत चालतं. त्याहून जास्त झालं तर वितळून सॉसेजभोवती जमतं आणि कच्च्या पिठासारखंच लागतं. अशा वेळी लोक मफिन पुन्हा ओव्हनमध्ये घालतात, त्यानं काहीही होत नाही.

श्रावणात किंवा वाराला सॉसेजऐवजी पनीर घालायचं असेल तर दीड सेंटिमीटरचे तुकडे फडक्यात बांधून वजनाखाली अर्धा तास ठेवा, तव्यावर चारी बाजूंनी भाजा, मैद्यात घोळवा. उकडलेला बटाटा आणखी सोपा, तो पाणी सोडत नाही. फक्त पूर्ण गार करून घ्या. मशरूम टाळा.

अंडं नको असेल तर ४० ग्रॅम दही वाढवा, वरचं पाणी १५ मिली कमी करा, आणि मका ६० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम असं प्रमाण ठेवा, म्हणजे मफिन भुसभुशीत होऊन तुटणार नाही. १८० अंशांवरची वेळ दोन मिनिटांनी वाढवा. बिनअंड्याच्या मफिनचं कडं चिकट राहण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळं सॉसेज किंवा पनीर भाजण्याची पायरी इथं अजिबात गाळू नका.

डबा आणि साठवण

आत मांस आहे, म्हणून ओव्हनमधून काढल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, फ्रीझरमध्ये महिनाभर ठीक. गरम करायला ओटीजी १७० अंशांवर सहा-सात मिनिटं. फ्रीझरमधले असतील तर बारा. मायक्रोवेव्हमध्ये सॉसेज आधी तापतं, पाणी सोडतं आणि चांगल्या मफिनलाही तेच चिकट कडं येतं. तेवढाच उपाय असेल तर २० सेकंद फिरवून पुढं तव्यावर उलटसुलट शेकून घ्या.

पाच वर्षांखालच्या मुलांना सॉसेजचा गोल तुकडा देऊ नका, तो घशात अडकू शकतो. त्यांच्यासाठी सॉसेज आधी उभं चार फाकांत कापा, मग बारीक तुकडे करून भाजा आणि पिठात मिसळा. अशा मफिनला पाणी सोडणारा पृष्ठभाग जास्त असतो, म्हणून तव्यावर मिनिटभर जास्त ठेवा.